बाई आल्या की लाईन थांबते

आमच्या ऑफिसातल्या सरांनी निघताना मला एवढंच सांगितलं, "मेणखडूंची लाईन आहे. अधूनमधून थांबते. का थांबते ते शोध आणि मला फोन कर. दुपारी तिथे ट्रक येणार आहे, त्याच्या आत."

"ट्रक कशाला?"

"लाईन परत न्यायला. मालकीणबाई कंटाळल्यात."

मी पदार्थविज्ञान शिकले आणि आता कारखान्यांतली मशीनं एकमेकांशी नीट बोलतील अशी व्यवस्था करते. प्रत्येक मशीनच्या पोटात एक छोटा संगणक असतो, त्याला पीएलसी म्हणतात. झडप कधी उघडायची, पट्टा कधी थांबवायचा, हे तो ठरवतो. एका ओळीत चार मशीनं उभी केली की त्यांच्या पीएलसींना एकमेकांची खबर लागते, आणि ती पोचवणाऱ्या केबली, स्विच, मशीनांचे पत्ते हे सगळं माझ्याकडे. घरी आई विचारते तेव्हा मी मशीनांच्या सोयरिकी जुळवते असं सांगते. तिला ते पटत नाही, पण शेजारणींना सांगायला तिला तेवढंच पुरतं.

कारखान्याच्या दारातच दादा उभा होता. मालकीणबाईंचा भाचा, या लाईनचा प्रमुख. वय तिशीचं, कानाच्या पाळीला हिरवा रंग लागलेला. सगळे त्याला दादाच म्हणत होते, त्याच्या दुप्पट वयाचेसुद्धा.

"मॅडम, लवकर आलात ते बरं झालं," तो म्हणाला. "ही लाईन घ्यायला आत्याला मीच गळ घातली होती. तिनं हातानं साचे भरून हा कारखाना उभा केलाय. वर्षभर तिच्या मागे लागलो, तेव्हा कुठे हो म्हणाली. आणि लाईन आल्यापासून तिनं ती एकदाही चालताना पाहिलेली नाही."

"एकदाही नाही?"

"योगायोग हो." तो खाली बघत म्हणाला. "आज सकाळी म्हणाली, ट्रक येईपर्यंत माझ्या डोळ्यांदेखत चालली तर ठेवू. नाहीतर जाऊ दे. आपले जुने साचे आहेतच."

लाईन मात्र छान चालू होती. एका टोकाला मेण वितळवायची टाकी, तिच्यापाशी मेणकाका. मेण किती तापलंय हे ते काट्यावर बघायचे, आणि काट्यावर विश्वास नसल्यासारखे पुन्हा टाकीवर वाकून वासही घ्यायचे. पुढे मोल्डिंग मशीन, म्हणजे एक मोठं आडवं चाक. त्याच्या कडेनं खडूच्या आकाराचे साचे. चाक फिरता फिरता साच्यांत गरम मेण पडतं, खालच्या थंड पाण्यानं घट्ट होतं, आणि पलीकडे खडू टपटप पट्ट्यावर पडतात. त्यापुढे कागद गुंडाळणारं मशीन, त्यावर काही मुली, आणि शेवटी खोकी भरणारं मशीन. तिथे मावशी. या सगळ्यांच्या वर एक मुख्य पीएलसी, जो प्रत्येकाला सतत विचारत असतो: आहेस ना? आहेस ना? कोणाचं उत्तर आलं नाही, की तो जरा वाट बघतो आणि सगळी लाईन थांबवतो. गरम मेण भलतीकडे सांडण्यापेक्षा ते बरं.

मी पॅनेलपाशी लॅपटॉप उघडून बसले. केबली तपासल्या. जोड घट्ट होते. सगळी मशीनं मुख्य पीएलसीला वेळच्या वेळी उत्तरं देत होती. इतकं नीटनेटकं बोलणं मी फार कमी कारखान्यांत पाहिलं होतं. बिघाड शोधायला आलेल्या माणसाला यापेक्षा वाईट काय असू शकतं?

तेवढ्यात बाहेरून सायकलच्या घंटीचा आवाज आला. घंटी वाजताच मावशींनी लाल बटण दाबलं. मेणकाकांनी धावत जाऊन मोल्डिंग मशीनच्या तोटीखाली बादली धरली आणि आतलं मेण काढून घेतलं. कागदवाल्या मुलींनी थर्मास काढला, कप मांडले, ओतले. लाईन शांत. सगळ्यांच्या हातात चहा.

"मध्येच चहा?" मी दादाला विचारलं.

"हो, म्हणजे… वेळ झाली होती," तो म्हणाला.

मी लॅपटॉपकडे पाहिलं. पडद्यावर प्रत्येक मशीनचा एक चौकोन होता, आणि अजून सगळे हिरवे होते. मग दाराशी पावलं वाजली, आणि थोड्याच वेळात मोल्डिंग मशीनचा चौकोन लाल झाला. मुख्य पीएलसी त्याला हाका मारत होता आणि ते उत्तर देत नव्हतं.

आत आल्या त्या बाई. साठीच्या पुढच्या, ताठ, खांद्याला ही मोठी पर्स. त्यांनी शेडवरून नजर फिरवली.

"वा. पुन्हा चहा," त्या म्हणाल्या. "इथे खडू बनतात की कप विसळले जातात?"

"आताच थांबवली हो बाई," मावशी म्हणाल्या. "पाचच मिनिटं."

"माझं नशीब बघा, मी नेमकी त्या पाच मिनिटांतच येते." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "या कोण?"

"नेटवर्कच्या मॅडम, आत्या. लाईन बघायला आल्यात."

"बघा बघा. तुम्हाला दिसली तर मलाही सांगा कशी दिसते ते."

त्या वळून गेल्या. मी पडद्यावरची नजर हलवली नाही. दार बंद झाल्यावर थोड्या वेळानं मोल्डिंग मशीनचा चौकोन आपोआप हिरवा झाला.

मला एकदम हुरूप आला. म्हणजे बिघाड होता. खराखुरा, डोळ्यांसमोर घडलेला. पण त्यात एक विचित्र गोष्ट होती. लाईन आधी थांबली होती आणि ती थांबवणारा बिघाड नंतर आला होता. परिणाम आधी आणि कारण मागून, असं शिकताना मला कुठेच भेटलं नव्हतं.

"मावशी," मी विचारलं, "तुम्ही बटण का दाबलंत? लाईन तर चांगली चालली होती."

मावशींनी दादाकडे पाहिलं. दादानं मेणकाकांकडे. मेणकाकांनी बादलीत.

"सांगा की आता," शेवटी मावशीच म्हणाल्या. "ट्रक दारात यायची वेळ आली. अगं पोरी, बाई आल्या की लाईन थांबते. पहिल्या दिवसापासून. त्या आल्या की हे चाक मुकं होतं आणि सगळं बंद. आणि असं अचानक बंद पडलं की मेण तोटीतच गोठतं. मग ते तापवा, खरवडा, अख्खा दिवस वाया. म्हणून आम्हीच आधी बंद करतो. रखवालदाराला त्या दिसल्या की तो घंटी मारतो, की मी बटण, की हे काका बादली."

"आणि चहा?"

"हातात काहीतरी दिसायला नको का? नुसते उभे राहिलो तर विचारतील ना, का उभे आहात."

एकाही केबलीशिवाय ही माणसं मशीनांपेक्षा चोख निरोप पोचवत होती.

"अहो, मग तक्रारीत हे लिहिलं का नाहीत?" मी दादाला म्हटलं. "तुम्ही लिहिलंत, अधूनमधून थांबते."

"काय लिहू?" तो काकुळतीला आला. "माझी आत्या आली की मशीन बंद पडतं, असं लिहू? कंपनीची माणसं हसतील ते सोडा. तिच्या कानावर गेलं तर? स्वतःच्या कारखान्यात तिचा पायगुण वाईट, असं मी लिहायचं? मी?"

"पायगुण नाही तो, नजर आहे," मेणकाका म्हणाले. "बाईंची नजर कडक आहे. माझं मेणसुद्धा त्या आल्या की गार पडतं."

"तुमचं मेण तुम्ही झोपता तेव्हा गार पडतं," मावशी म्हणाल्या.

मी उठले. "मी बाईंना सांगते."

"काय सांगता?" दादानं वाटच अडवली.

"हेच. त्या आल्या की लाईन थांबते."

"मॅडम, हात जोडतो."

"दादा, बाई नक्की काय करतात, कुठून येतात, काय घेऊन येतात, हे कळल्याशिवाय मला कारण सापडणार नाही. आणि ट्रक येतोय."

तो बाजूला झाला, पण माझ्या मागोमाग आला.

बाईंची केबिन शेडच्या दुसऱ्या टोकाला होती, जाड भिंतींच्या जुन्या इमारतीत. टेबलावर एक पितळी साचा कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. घंटी, बटण, बादली, चहा. आणि मग पडद्यावर लाल झालेला चौकोन.

बाईंनी टेबलावरचा पितळी साचा उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवला. मग म्हणाल्या, "चहाचं मला माहीत होतं."

दादा दारातच थबकला.

"इतक्या वेळा आत आले, पण कोणाच्या हातात अर्धा प्यायलेला कप कधी दिसला नाही. दर वेळी काठोकाठ आणि वाफाळता. एवढं न कळायला मी काय काल जन्मले?" त्यांनी भाच्याकडे पाहिलं. "मला वाटलं, तुम्हाला मी तिथे नको आहे. म्हातारी येईल, हे असं का अन् ते तसं का विचारत बसेल, त्यापेक्षा बंदच करा. हातानं साचे भरायचो तेव्हा मी तुमच्यात बसायचे. ही लाईन आली आणि तुम्ही सगळे मला बघून थांबायला लागलात. म्हणून म्हटलं, जाऊ दे ती लाईन."

"आत्या, अगं काय बोलतेस!" दादाचा आवाज चिरकला. "तुला नको कोण म्हणेल? तुला वाईट वाटेल म्हणून आम्ही…"

"म्हणजे माणसं नाही थांबत? मशीन थांबतं?" बाईंनी मला विचारलं.

"मशीन खरंच थांबतं. माणसं त्याच्या आधी थांबतात, एवढंच."

त्यांचा चेहरा उजळला. आपल्यामुळे यंत्र बिघडतं हे कळून कोणाला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"मग उठा," त्या म्हणाल्या. "काय बघायचं ते बघून घ्या माझ्यात."

आम्ही शेडमध्ये परत आलो तेव्हा मावशींनी बटण आधीच दाबलेलं होतं आणि मेण काढलेलं होतं. मला ते बरंच झालं. प्रयोगासाठी मेण नकोच होतं. मला फक्त एवढंच बघायचं होतं, की मुख्य पीएलसीच्या हाकेला मोल्डिंग मशीन ओ देतं की नाही. पण बाई आत असताना चौकोन लालच होता, तेव्हा त्यांना मी पुन्हा बाहेर पाठवलं. थोड्या वेळानं चौकोन हिरवा झाला.

"आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची," मी सगळ्यांना सांगितलं. "आधी नुसत्या बाई. पर्स बाहेर. मोबाईल बाहेर. किल्ल्या बाहेर."

"चष्मा?" बाईंनी बाहेरून विचारलं.

"तोही बाहेर."

"मग मी आत येऊन धडपडणार. मावशी, हात द्या."

मावशींच्या हाताला धरून बाई आल्या. सगळे माझ्या पडद्याभोवती जमले. मेणकाका तर पैज लावल्यासारखे तोंड करून उभे. चौकोन हिरवा. बाई मोल्डिंग मशीनपाशी गेल्या. हिरवा. त्यांनी मशीनवर हात ठेवला, थोपटलं. हिरवा.

"बघा काका, माझ्या नजरेत काही नाही," बाई म्हणाल्या. हे बाईंना कोणी सांगितलं ते मेणकाकांना कळेना. ते दादाकडे रागानं बघत राहिले.

"चष्म्याशिवायची नजर ही," ते पुटपुटले.

चष्मा आला. हिरवा. किल्ल्या आल्या. हिरवा. मोबाईल आला. हिरवाच.

"आता पर्स," मी म्हटलं. "पण बाई आणणार नाहीत. दादा, तुम्ही."

दादा ती मोठी पर्स दोन्ही हातांत, गरम पातेलं धरावं तशी धरून दारातून आत आला. दाराजवळच्या रंगांच्या कोठारापाशी पोचला असेल नसेल, तोच पडद्यावर चौकोन लाल झाला.

एकच आरडाओरडा झाला. कागदवाल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. "अगंबाई, पर्सचा पायगुण!" मावशी ओरडल्या. दादानं पर्स पटकन जमिनीवर ठेवली, आणि मग आत्याची पर्स जमिनीवर ठेवली म्हणून पटकन उचलली.

मी वर पाहिलं. कोठाराच्या दारावर, कोळिष्टकांत, वायफायची पेटी बसवलेली होती.

"बाई, पर्समध्ये काय काय आहे?"

"पर्समध्ये काय नाही ते विचार." त्यांनी पर्स टेबलावर उपडी केली. पेपरमिंट, रुमाल, घडी घातलेल्या पिशव्या, खडूंचे तुकडे, मापाची टेप. आणि सगळ्यांच्या खालून एक टॅब्लेट.

"हा तर लाईनसाठीच घेतला होता," बाई म्हणाल्या. "केबिनमध्ये बसून लाईन बघता यावी म्हणून. केबिनमध्ये तर काही दिसेना, भिंतीतून वायफाय येत नाही. म्हटलं इथे आणून बघावं. इथे आणला की दिसायचं, लाईन बंद. दर वेळी बंदच. शेवटी काढायचंच सोडून दिलं. राहिला पर्समध्ये."

मी लॅपटॉपवरून नेटवर्कला विचारलं, चाळीस नंबरच्या पत्त्यावर कोण राहतं? चाळीस हा मोल्डिंग मशीनचा पत्ता. अशा प्रश्नाला एक उत्तर यायला हवं. दोन आली. एक चाकाकडून, एक टेबलावरच्या टॅब्लेटकडून.

"एकाच घरनंबरावर दोघे राहतायत," मी सांगितलं. "मुख्य पीएलसी चाळीस नंबरला हाक मारतो. टॅब्लेट इथल्या वायफायच्या टप्प्यात आला की तो निरोप याच्याकडे येतो, आणि याला त्यातलं काही कळत नाही. तिकडे मुख्य पीएलसी उत्तराची वाट बघून बघून लाईन थांबवतो. बाई, या टॅब्लेटला हा नंबर कोणी दिला?"

"मी." बाई ताठ झाल्या. "उगाच दिला नाही. तुमच्या साहेबांना फोन करून विचारलं होतं. ते म्हणाले, रिकामा नंबर शोधा. एकेका नंबराला पिंग करा, म्हणजे हाक मारा, उत्तर आलं नाही की तो रिकामा. मी पिंग शिकले. दहाला हाक मारली, ओ आली. वीसला आली. तीसला आली. चाळीस गप्प. म्हटलं, घर रिकामं आहे, घ्यावं."

"कधी केलंत हे?"

"लाईन सुरू व्हायच्या आदल्या सुट्टीला. एरवी वेळ कुठे मिळतो?"

दादानं कपाळावर हात मारला. "आत्या! सुट्टीला टाकी चालू ठेवतो आपण, मेण गोठू नये म्हणून. पण चाकाची वीजच बंद असते!"

"म्हणजे…"

"म्हणजे घर रिकामं नव्हतं," मी म्हटलं. "माणूस झोपला होता."

बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसायला लागल्या, की त्यांना खुर्ची द्यावी लागली. मी सरांना फोन लावला.

"सर, रिकामा पत्ता शोधायला तुम्ही मालकीणबाईंना काय सांगितलं होतं?"

"पिंग करायचा. उत्तर नाही आलं की रिकामा. का?"

"सगळी मशीनं चालू ठेवून, असं सांगितलं होतंत का?"

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "फोनवर मी आहे असं बाईंना सांगू नकोस." पण फोनचा आवाज मोठा होता. बाईंनी वाकून सांगितलं, "ऐकलं हो साहेब!"

नंबर बदलायला मी टॅब्लेट हातात घेतला तर बाईंनी तो काढून घेतला. "मी घातला, मीच काढते. नवा कुठला घेऊ?"

"दोनशेच्या पुढचे मशीनांना देत नाहीत. तिथला कुठलाही."

"दोनशे सात," त्या म्हणाल्या आणि एकेक आकडा दाबत घातला. मी पुन्हा विचारलं, चाळीसवर कोण? एकच उत्तर. चौकोन हिरवा झाला. मी टॅब्लेट मोल्डिंग मशीनच्या डोक्यावर नेऊन ठेवला. तरी हिरवा.

मेण पुन्हा तापायला वेळ लागणार होता. दरम्यान फाटकाशी हॉर्न वाजला. ट्रक आला होता. दादानं टाकीच्या काट्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"ड्रायव्हरला थांबायला सांग," बाई म्हणाल्या. "चहा दे त्याला. थर्मासमध्ये असेलच."

कोणता रंग, असं मेणकाकांनी विचारलं. बाई म्हणाल्या, जांभळा. जांभळ्याची ऑर्डर नव्हती, पण ते सांगायला कोणी पुढे झालं नाही. मेणकाकांनी रंग ओतला, काटा बघितला, वास घेतला आणि मान हलवली. मावशी बटणापाशी उभ्या होत्या. त्यांचा हात सवयीनं लाल बटणावर होता. तो त्यांनी स्वतःच दुसऱ्या हातानं उचलून हिरव्यावर ठेवला.

चाक फिरायला लागलं. साच्यांत जांभळं मेण पडत गेलं, चमकणारं, आणि पाण्यापाशी पोचता पोचता चमक जाऊन मऊसर झालं. बाई मशीनला नाक लावून उभ्या होत्या. पहिला खडू पट्ट्यावर टपकला, मागून दुसरा, मग मोजता येईनात इतके. मी लॅपटॉपकडे बघत होते, पण मग लक्षात आलं की त्याच्याकडे बघायची आता गरज नाही.

ट्रकचा ड्रायव्हर कप हातात घेऊन दारात आला. "काय करायचं? भरायची ना गाडी?"

दादा पुढे झाला आणि आत्यासमोर उभा राहिला.

"आत्या, तो विचारतोय. लाईन परत पाठवायची का?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला हळूच एका बाजूला ढकललं.

"सरक रे," त्या म्हणाल्या. "दिसत नाहीये मला."